हातमोज्यांचा खण

विद्यार्थी आरोग्य केंद्राच्या या काउंटरमागे
माझी एकोणीस वर्षं गेली.
डाव्या हाताला फोन, उजव्या हाताला खण,
खणात एकेकटे हातमोजे.
तार्तूच्या थंडीत पोरं काय काय विसरतात!
जोडीतला दुसरा घरी गेलेला असतो
कुणाच्या तरी खिशातून,
इथला पडून राहतो.

नोव्हेंबरात पहिल्यांदा आला तो.
उंच, खांदे आत ओढलेले,
टोपीवर वितळत चाललेला बर्फ.
"माझा हातमोजा राहिलाय का इथे? राखाडी."
खण उघडला. राखाडी तीन निघाले.
त्यानं तिन्ही उलटसुलट पाहिले,
बाजारात बटाटे निवडावेत तसे.
"यांतला नाही," म्हणाला
आणि गेला नाही.
भिंतीवरचं पत्रक वाचत राहिला:
झोप लागत नसेल तर.
जेवण जात नसेल तर.
परीक्षेची धास्ती, घरची ओढ, दारू, पैसे,
कुणाशी बोलावंसं वाटत असेल तर.
त्या 'तर'च्या पुढे जायचं म्हणजे
नदीवरच्या कोवळ्या बर्फावर पाऊल टाकणं.
मधे माझे चार फोन झाले. मान वर केली तेव्हा
फरशीवर बुटांचं पाणी तेवढं होतं.

दुसऱ्या खेपेला मोजा निळा झाला होता.
मी काही बोलले नाही.
एवढ्या वर्षांत इतकं कळतं,
दुखणं समोरच्या दारानं येत नाही,
आडून येतं. कुणी खोकल्याची गोळी मागतं,
कुणी कागदावर शिक्का.
एक मुलगी महिनाभर
नुसती आमच्याकडे हात धुवायला यायची.
(नाव सांगणार नाही. आता ती पशुवैद्य आहे,
गाईंच्या पोटात कोपरापर्यंत हात घालते
आणि नाताळात मला चीज पाठवते.)

तिसऱ्या खेपेला पावणेपाच वाजले होते,
बाहेर केव्हाच रात्र.
"कोणत्या रंगाचा?" मी विचारलं.
तो खणाकडे बघत राहिला.
"आठवत नाही."
मग, जणू रंगाबद्दलच बोलतोय अशा आवाजात,
"हल्ली वाचलेलं पान आठवत नाही.
सोमवारपासून राईच्या पावाचे दोन तुकडे,
बाकी काही गेलं नाही."

त्याला जवळ घेतलं असं लिहायला बरं वाटलं असतं.
नाही घेतलं. मी हिशेबी बाई.
संगणकात पाहिलं: समुपदेशकाची पहिली मोकळी वेळ
पाच आठवड्यांनी.
पाच आठवडे!
हा आकडा तोंडावर सांगायची लाज वाटते
आणि रोज सांगते.
"नाव?" "तौरी."
"गाव?" "हियूमा."
बेटावरचा. ही माणसं फेरी चुकली
तर धक्क्यावर उभी राहतात,
ओरडत नाहीत.

उठून आत गेले. नर्स पिरेत कोट चढवत होती,
एक बाही घातलेली, एक लोंबती.
माझ्या तोंडाकडे पाहिलं तिनं
आणि घातलेली बाही काढली.
पत्रकावर हे कुठे छापलेलं नाही.

चाळीस मिनिटं दार बंद होतं.
माझी बस गेली. मी कुंडीला पाणी घातलं,
पेन्सिलींना टोकं केली, सहाही.
तो बाहेर आला, डोळे लाल, नाक त्याहून लाल.
हातात घडी घातलेला कागद:
रात्रीच्या फोनचा नंबर,
मंगळवारी परत पिरेत,
गुरुवारी तळघरातलं फुकटचं सूप.
"वाटाण्याचं असतं," मी म्हटलं,
"मीठ कमी. मागून घ्यायचं."
तो हसला नाही, पण मान हलवली.

दारात त्यानं खिशातून हातमोजे काढले.
तपकिरी. दोन्ही.
आम्ही दोघांनी ते पाहिले
आणि पाहिले नाहीत.

गुरुवारी तो सूपाला गेला का, ठाऊक नाही,
तळघर माझ्याकडे नाही.
मंगळवारी संध्याकाळी खुर्च्या सरळ करताना
एकीखाली तपकिरी मोजा सापडला. डावा.
विसरला की ठेवला, याच्या खोलात शिरले नाही.
खणात सगळ्यांच्या वर ठेवला,
उघडताच हाताला लागेल असा.